बाईंच्या माईकची मान

बाईंची मागणी काही फार नव्हती. एक दांडा हवा होता, जो उभा राहील. त्याच्या टोकाला माईक लावला की तो लावला तिथेच राहील. आणि एवढ्यासाठी कुणी घर गहाण टाकायला सांगणार नाही. यात चंद्र मागितल्यासारखं काय होतं, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई म्हणजे शाळेतल्या भाषेच्या बाई. निवृत्त झाल्या तरी सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. दूधवाला म्हणायचा, लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणायचा, एवढंच काय, वीज कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमानसुद्धा तिऱ्हाइताशी बोलताना "बाईंना विचारून सांगतो" असंच म्हणायचे. त्यामुळे अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका ग्रंथालयाने 'चांगले वाचकस्वर हवेत' असं जाहीर केलं, तेव्हा ती जाहिरात सर्वांसाठी आहे हे बाईंच्या मनातही आलं नाही. त्यांना ते आमंत्रणच वाटलं. ग्रंथालय देईल त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण घरी वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि महिनाअखेरीपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर सबंध कादंबरी.

मग कळलं की भूगोलाच्या बाईही पाठवणार आहेत.

भूगोलाच्या बाई म्हणजे ज्यांनी उभ्या हयातीत 'शेती'ला 'सेती' म्हटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना 'वालवंटा'त नेऊन सोडलं. "त्या वाचणार?" बाई यजमानांना म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांनी कुणाचं काय वाईट केलंय?"

म्हणजे आता प्रश्न हौसेचा उरला नव्हता. भाषेचा झाला होता.

माईक मुलीने परगावाहून पाठवला. चांगला होता. काळाभोर, हातात घेतला की वजन लागावं असा. स्टँड मात्र तिने पाठवला नाही. "तिथेच घे गं आई, कुठलाही साधा चालेल," असं ती फोनवर म्हणाली. 'कुठलाही साधा' हे शब्द बाईंनी पुढे तिला इतक्या वेळा ऐकवले की शेवटी ती आईचा फोन आला की आधी जावयाच्या हातात द्यायला लागली.

बाईंनी कुठलाही घेतला नाही. त्यांनी घरबसल्या फोनवर शेकडो स्टँड पाहिले, आणि खाली गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे वाचले. 'एकदम मस्त स्टँड' असं ज्याने लिहिलं होतं, त्याने फोटो न उघडलेल्या खोक्याचा टाकला होता. 'दोन वर्षं वापरतोय, काल आला' असं एकाने लिहिलं होतं. असल्या साक्षीदारांवर भिस्त ठेवून माणसाने निर्णय घ्यायचा!

"थोडा महागातला घेऊ," यजमान म्हणाले.

"काठीला?" बाई म्हणाल्या. तिथेच तो विषय मिटला. ते योग्यच बोलले होते हे नंतर सिद्ध झालं, पण बाईंच्या मते योग्य बोलणं पुरेसं नसतं, ते ठासून बोलावं लागतं. म्हणजे चूक शेवटी यजमानांचीच.

स्टँड आला. तीन पाय, एक उभा दांडा, त्यावर एक आडवा दांडा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे आवळायला प्लॅस्टिकचा एक कान. सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे माहितीपत्रकात नव्हतं. माहितीपत्रकात नुसतीच चित्रं होती, आणि सगळ्या चित्रांत एक टकल्या, बिनचेहऱ्याचा माणूस स्टँडशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्याकडे कुठलाही स्क्रू उरलेला दिसत नव्हता.

बाईंनी बैठकीच्या खोलीची खिडकी लावली, पंखा बंद केला, यजमानांना आतल्या खोलीत पाठवलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान झकास गेलं. दुसऱ्या पानावर त्यांच्या लक्षात आलं की माईक हनुवटीपाशी आलाय. आता रेकॉर्डिंग थांबवायचं कसं? वाक्य अर्धवट सोडणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मान थोडी वाकवली. माईक आणखी खाली गेला. बाई कमरेत वाकल्या. माईक हळूहळू, अगदी अदबीने, खाली खाली जात राहिला आणि बाई वाचत वाचत त्याच्या मागे गेल्या. खोलीतून काही आवाज येईना म्हणून यजमानांनी दार उघडून डोकावलं, तर बाई गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून फरशीला कादंबरी वाचून दाखवत होत्या.

"काय हरवलं?" यजमानांनी विचारलं.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं की सुरुवातीला स्वच्छ बोलणारी एक बाई पुढे पुढे विहिरीत उतरत गेली आहे आणि शेवटी तळाशी एक पुरुष 'काय हरवलं' म्हणतो आहे.

यजमानांनी पक्कड आणली आणि तो प्लॅस्टिकचा कान आवळला. आणखी आवळला. कान कटकन मोडून त्यांच्या हातात आला. स्वस्तातली वस्तू सैल सोडली तर लोळते आणि ताणून धरली तर तुटते. बाईंनी अशी मुलंही पाहिली होती, पण त्यांना निदान पालक तरी असत. इथे पालक म्हणजे कस्टमर केअर.

परत पाठवायचं कारण निवडा, असं फोनच्या पडद्यावर आलं. 'रंग आवडला नाही.' 'चुकून मागवले.' 'माझे मत बदलले.' बाईंचा संताप अनावर झाला. वस्तू नालायक आहे, हे एक सरळ कारण सोडून बाकी सगळा दोष गिऱ्हाइकाच्या स्वभावात! त्यांनी फोन लावला.

"मॅडम, मी तुमची अडचण समजू शकते," पलीकडची मुलगी म्हणाली.

"समजू शकता, की समजली?"

"जी मॅडम?"

"दोन्हींत फरक आहे. स्टँड मान टाकतो. वाचायला लागलं की खाली जातो."

"फोटो पाठवा, मॅडम."

फोटोत स्टँड ताठ दिसला. फोटोत सगळेच ताठ दिसतात. मग त्यांनी व्हिडिओ मागितला. यजमानांनी तो काढला. त्यात बाईंनी स्टँडचे दोष मुद्देसूद, प्रस्तावना आणि उपसंहारासह सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की व्हिडिओत वस्तू दिसत नाही. हे खरं होतं. सबंध वेळ बाई स्टँडच्या पुढे उभ्या होत्या. पुन्हा व्हिडिओ पाठवला, तेव्हा उत्तर आलं की वस्तूचा कान मोडलेला दिसतो, सबब ती परत घेता येत नाही. म्हणजे फोटोत दोष दिसत नाही आणि व्हिडिओत दिसला तर तो आपला! बाई दिवसभर घरात कुणाशी बोलल्या नाहीत. घरात यजमानच होते, त्यामुळे त्यांना ही शिक्षा आहे हे संध्याकाळी चहाच्या वेळी कळलं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. नोकरीभर त्यांनी नद्यांवर पूल बांधले होते आणि जिन्यात भेटेल त्याला ते एकेक पूल पुन्हा बांधून दाखवत. इमारतीत त्यांचं नावच पूलवाले पडलं होतं. ते न बोलावता आले, स्टँडभोवती फिरले, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, दोष स्टँडचा नाही. गुरुत्वाकर्षणाचा आहे."

"मग त्यांच्याकडे तक्रार करू का?"

"पलीकडच्या टोकाला वजन द्या. साधा तोल आहे."

त्यांनी आडव्या दांड्याच्या मागच्या टोकाला बाईंच्या घरची जुनी लोखंडी इस्त्री सुतळीने बांधली. आणि नवल म्हणजे दांडा आडवा राहिला. इकडे माईक, तिकडे इस्त्री, मध्ये शांतता. पूलवाल्यांनी नारळ फोडल्याच्या थाटात हात झटकले आणि ते घरी गेले. बाईंनी वाचायला घेतलं. चांगली चार पानं झाली. मग त्यांना वाटलं, माईकवर धूळ दिसतेय, पुसून घेऊ. त्यांनी माईक काढला.

तोल म्हणजे दोन्हीकडे काहीतरी असणं, ही गोष्ट पूलवाल्यांनी सांगितली नव्हती. इस्त्री धाडकन खाली आली. खाली, फडकं घेऊन आलेल्या यजमानांच्या उजव्या पायाचा अंगठा होता. अंगठ्यावरून ती फरशीवर गेली, आणि फरशीखाली पूलवाल्यांचं छत होतं. त्यांच्या बायकोचा लगेच फोन आला की प्लास्टरचा पोपडा भाजीत पडला आहे. पाठोपाठ पूलवाले स्वतः आले. यजमान अंगठा धरून एका पायावर नाचत होते. त्यांच्याकडे पाहून पूलवाले म्हणाले, "सिद्धांत बरोबरच होता."

आता बाईंनी हात जरा सैल सोडला आणि दुसरा स्टँड मागवला. हा जमिनीवर उभा राहत नसे. याला टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळायचं, आणि मग कोपरात वाकणारा एक लांब हात पुढे यायचा. हाताला आतून स्प्रिंग. हा मान टाकणार नाही, अशी हमी होती. हमी खरी निघाली. मान टाकणं तर सोडाच, माईक लावलेला नसला की तो हात सुटून असा वर जायचा की वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाचाही जात नसेल. त्याने पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याची काचेची टोपी उडवली. शिकंज्याने टेबलाच्या कडेचा लाकडी पापुद्रा सोलला. पण माईक लावल्यावर तो गुमान राहिला, आणि बाईंनी मनातल्या मनात दिव्याला तिलांजली दिली.

इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण एव्हाना इमारतीत बोभाटा झाला होता. खोकी येतात, धडाधड आवाज होतात, खिडक्या लावून घेतात. बाईंनी स्टुडिओ काढलाय! इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन दारात उभे राहिले.

"राहत्या घरात व्यवसाय करायचा तर कमिटीची परवानगी लागते, बाई."

"व्यवसाय? अहो, मी फुकट वाचतेय!"

सेक्रेटरींनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी जमिनीकडे पाहिलं. "फुकट असेल तर मोफत व्यवसाय म्हणून अर्ज करा."

"मोफत व्यवसाय हा शब्दच होत नाही."

"शब्द होत नसला तरी अर्ज होतो," सेक्रेटरी म्हणाले. "यंत्रसामग्री बघायला लागेल."

बाईंनी यंत्रसामग्री दाखवली. बाईंच्या बाजूने सांगायचं तर माईक बघून माणसाचं काय होतं याची त्यांना कल्पना नव्हती. एक सभासद पुढे झाला आणि "हॅलो, हॅलो" म्हणाला. दुसरा "एक, दोन, तीन" म्हणाला आणि तीनच्या पुढे काही न सुचून लाजून मागे झाला. मग सेक्रेटरींनी घसा खाकरला. "सभासद बंधुभगिनींनो," ते म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीवर बोलायला लागले. टाकी कुणी गळू दिली, वर्गणी कोण देत नाही, गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, आणि इतकं करूनही सेक्रेटरीच्या पदरात काय पडतं. बैठकांत कुणी ऐकून घेत नसणार. इथे कुणी ऐकत नव्हतं, पण माईक होता. रंगात येऊन त्यांनी, सगळे वक्ते करतात तसा, माईक दांड्यावरून उचकटून हातात घेतला.

"अहो, काढू नका!" बाई ओरडल्या.

मोकळा झालेला हात सपकन वर आला आणि सेक्रेटरींच्या हनुवटीखाली बसला. नेमके ते 'टाकी'तला 'टा' म्हणत होते. जीभ दातांखाली सापडली. पुढे बरेच दिवस ते भूगोलाच्या बाईंसारखे बोलत होते. बाईंना याचं वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं तितकं वाटलं नाही.

संध्याकाळी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली की सभासदांनी घरात उसळणारी यंत्रे ठेवू नयेत. नाव कुणाचंच नव्हतं. नाव नसलं की सगळ्यांना कळतं. जिन्यातून जाताना लहान मुलंसुद्धा बाईंच्या दाराला वळसा घालून जायला लागली. ज्या बाईंनी या इमारतीतल्या अर्ध्या पोरांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, त्यांच्या नशिबी आता 'उसळणारी यंत्रे'! आणि सूचनेत 'यंत्रे'वरचा अनुस्वार गायब. बाईंनी खडूने तो दिला, मगच त्या वर आल्या. पण शिकंजा त्यांनी सोडवला. कमिटीशी भांडायला वेळ नव्हता. प्रकरण पाठवायचा दुसरा दिवस शेवटचा होता.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी भूगोलाच्या बाईंचा फोन आला. "आमचं तर पाठवून सुद्धा झालं. स्टँड कसला हो? बरनीत उभा केला मी माईक. कसी वाटते आयडिया?"

बाईंनी फोन ठेवला आणि, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बरणी शोधली. माईक बरणीत उभा केला. वाचून पाहिलं. आवाज बरणीतून यावा तसाच आला. मग पुस्तकांची चळत करून पाहिली, ती कलंडली. खुर्चीच्या पाठीला माईक बांधून पाहिला, तर खुर्ची कुरकुरायला लागली. अखेर बाई त्याच खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं. पण पाणी ते पाणीच.

यजमान लंगडत आले. "आण इकडे," ते म्हणाले. "मी धरतो."

"हात हलेल तुमचा."

"नाही हलणार."

बाईंनी अटी सांगितल्या. खोकायचं नाही. आवंढा गिळायचा नाही. श्वास घ्यायचा, पण दिसेल असा, ऐकू येईल असा नाही. यजमानांनी सगळ्याला मान डोलावली, दुखरा पाय तिवईवर घेतला, कोपराखाली दोन उशा घेतल्या आणि माईक बाईंच्या तोंडासमोर धरला. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं. मग दुसरं. माईक होता तिथेच राहिला. तिसऱ्या पानाच्या सुमारास बाई माईक विसरल्या, भूगोलाच्या बाई विसरल्या, समोर नवरा बसलाय हेही विसरल्या आणि फक्त वाचायला लागल्या. फार सुरेख वाचलं त्यांनी. कादंबरीतली बाई सकाळी उठते, गॅसवर दूध ठेवते, कट्टा पुसते. एवढ्यात दारात एक निरोप्या येतो आणि इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस बंदरावर उतरलाय म्हणून सांगतो. ती हात पुसते, चपला घालते आणि आहे तशी निघते. 'दार तिच्या मागे आपोआप लागलं. तिने वळून पाहिलं नाही.' प्रकरण संपलं. आता दोन क्षण शांतता ठेवायची, असं बाईंनी आधीच ठरवलं होतं. त्या शांततेत यजमान म्हणाले,

"अगं, आणि ते दूध?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"गॅस चालूच राहिला की! घरात कुणी नाही. दार लागलं. किल्ली घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

"सगळं वाचन घालवलंत! जन्मात कधी एक पुस्तक हातात धरलं नाहीत..."

"आजही नाही धरलं. माईक धरलाय," यजमान म्हणाले, पण त्यांचा जीव तिथे नव्हता. "कुणी शेजारी वगैरे येतं का पुढे?"

पुन्हा वाचायला बाईंच्या घशात त्राण नव्हतं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, शेवटचा तुकडा कापून टाक आणि पाठव. कुठे बोट लावायचं तेही तिने सांगितलं. बाईंनी बोट लावलं, तुकडा कापला आणि ग्रंथालयाला पाठवून दिलं. त्यांनी कापलं ते नेमकं काय, हे तपासायला घरात कुणालाच सुचलं नाही.

काही दिवसांनी ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ते स्वतः अंध होते आणि आलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग स्वतः ऐकायचे. "बाई, उच्चार उत्तम," ते म्हणाले. बाई ताठ बसल्या. "वाचन तर फारच छान. आणि शेवटी ते गृहस्थ..."

बाईंच्या पायाखालची फरशी सरकली. "कोण गृहस्थ?"

"दूध कुठे गेलं म्हणून विचारतात ते. बाई, मी ही कादंबरी आजवर कितीदा तरी ऐकली आणि दर वेळी त्या दुधापाशी अडकतो. वाटायचं, मलाच काहीतरी खुपतंय. कुणालाच त्या दुधाचं काही नाही! आमच्या इथल्या ऐकणाऱ्यांनाही ते फार आवडले. कादंबरी तुम्हीच वाचायची, पण त्यांना काढू नका. प्रकरण संपलं की त्यांनी काहीतरी विचारावं."

"ते वाचक नाहीत हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "ते स्टँड आहेत."

"मग स्टँड चांगला निवडलात," व्यवस्थापक म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला. वृत्तं शिकवली, अलंकार शिकवले, 'ळ' आणि 'ण' जिवापाड जपले, आणि कौतुक कुणाचं? दुधाची चौकशी करणाऱ्याचं!

"काय म्हणाले?" यजमानांनी विचारलं.

"पसंत पडलं."

"आणखी काही?"

"उच्चार उत्तम आहेत म्हणाले," बाई म्हणाल्या. एवढंच. जे खरं आहे ते त्या बोलल्या, आणि जे खरं असून बोललं नाही, त्याला खोटं म्हणत नाहीत.

दुसऱ्या प्रकरणाला यजमान आपणहून येऊन बसले. पाय तिवईवर, उशा कोपराखाली. या खेपेला त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशी उभी राहिली होती. बाईंनी वाचलं. कादंबरीतली बाई बंदरावर पोचते, गर्दीत त्या माणसाला शोधते, त्याच्या हातात कुणाचं तरी लहान मूल असतं, आणि तो तिला पाहून मूल खाली ठेवतो. प्रकरण संपलं. बाई थांबल्या.

यजमान गप्प.

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी, कसं जमलं म्हणून, डोळ्यांनीच शाबासकी मागितली. बाईंनी भुवया उंचावल्या. आपला श्वास ऐकू आला असावा असं वाटून यजमानांनी तोही रोखला. बाईंनी हातातलं पुस्तक जरा पुढे केलं, बोटाने शेवटची ओळ दाखवली, मान हलवली. यजमान लालबुंद झाले, पण माईक रेसभर हलला नाही आणि तोंडातून ब्र निघाला नाही. खोलीत नुसती शांतता मुद्रित होत होती. अखेर बाईंचा धीर सुटला.

"अहो, विचारा ना आता काहीतरी!"